बटणांच्या डब्यातली तिसरी

मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. त्या साली माझे वय सहा होते, म्हणजे आमच्यात म्हातारपणच.

आमचे घर जोडे शिवणाऱ्या बाबांचे. एखाद्या मुलाचा एक पाय आखूड असे, एखाद्याची टाच वाकडी. अशा मुलांचे जोडे ते करीत. मूल कागदावर उभे राही, बाबा पावलाभोवती पेन्सिलीने रेघ ओढत आणि कोपऱ्यात काही लिहून ठेवत. कागद दमटपणाने कुजत, म्हणून त्यांची लेक, आमची ताई, त्यांची चित्रे कॉम्प्युटरात घाली. चारशे मुलांची पावले माझ्या पोटात होती. केवढा मान होता मला!

मग मी चालताना टिकटिक करू लागले. ताईने दुरुस्तीवाल्या काकांना बोलावले.

"हिचा आता भरवसा नाही," काका म्हणाले. "दोन नव्या घ्या. काम दोघींत अर्धं अर्धं वाटलं तर वेग वाढेल. पण एक गेली की सगळं गेलं."

"वेग काय चाटायचाय? माझा एक जोड व्हायला आठ दिवस लागतात," बाबा म्हणाले.

"मग एकीत जे होईल तेच लगेच दुसरीत होईल, असं करू. शिवाय तिसरी प्रत बाहेर, वेगळी ठेवा."

"दोन पुरे. दोघी एकदम थोड्याच मरतायत!"

नव्या दोघी आत बसल्या आणि माझ्यातली सगळी पावले त्यांच्यात उतरवली. मला टाकून द्यायचे ठरले, पण आईंनी उचलले. आई सुतळीचा तुकडाही टाकत नसत. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून बटणांच्या डब्यात ठेवले. बटणे स्वभावाने चांगली होती, पण बोलत नसत. फार एकटे वाटे.

चार महिने गेले. एका सकाळी आई कॉम्प्युटर आवरायला बसल्या. पाहतात तो दोन्ही डिस्कांत तीच पावले! एकच वस्तू दोनदा कशाला? त्यांनी एकीतली पुसली, वर कॉम्प्युटरातली कचरापेटीही रिकामी केली. दुसरीने निमूटपणे तेच केले. बिचारीला तेवढेच शिकवले होते.

दुपारी बाबा एका मुलीचे जोडे कापायला बसले. ती दूरगावी गेली होती आणि पंधरा दिवसांनी शाळेच्या शर्यतीत पहिल्यांदाच धावणार होती. तिचे पाऊल सापडेना. कुणाचेच सापडेना.

"अगं, पोरं कुठं गेली सगळी?"

"मी एकीतलीच काढली हो! दुसरीत आहेत की."

ताईने दुसरीही उघडून पाहिली. "आई, दुसरी पहिलीचंच ऐकते गं."

आई उठल्या आणि डबा घेऊन आल्या.

"तू हिला टाकलं नाहीस?" ताईने विचारले.

"मी कधी काय टाकलंय? आज पहिल्यांदा टाकलं, तर हे असं!"

काकांनी येऊन मला तार जोडली. "चल गं बाई माझी," आई पुटपुटल्या. पावलामागून पाऊल बाहेर पडू लागले. त्या मुलीच्या पावलापाशी मी तीनदा अडखळले. चौथ्यांदा दिले. बाबांनी कोपऱ्यात वाचले, 'डावा दोन बोटे आखूड, गुदगुल्या फार', आणि हसता हसता डोळे पुसले. चार महिन्यांची वाढ धरून त्यांनी चामडे थोडे मोठे कापले.

मुलगी शर्यतीत शेवटून दुसरी आली. तसे कळवणारे तिचे पत्र अजून दुकानाच्या भिंतीवर आहे. ती आता टपालखात्यात नोकरी करते आणि जोडे आमच्याकडूनच मागवते. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. दुकान ताई चालवते. काका थकले, आता वांगी लावतात. आईंनी ऐंशी ओलांडली, पण नवी घेतलेली तिसरी डिस्क दर महिन्याला जोडून प्रत काढतात आणि तार सोडवून तिला डब्यात माझ्याशेजारी ठेवतात. मी आता फिरत नाही. तिला गोष्टी मात्र सांगते.

मित्रांनो, जपायचे ते दोन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत दूरही ठेवा. एकमेकींचे ऐकणाऱ्या दोघी घरात असाव्यातच. पण डब्यात एक तरी अशी असू द्या, जिच्या कानावर 'पूस' हा हुकूम पोहोचतच नाही.