एकशेवीस बाय ऐंशी

मित्रांनो, दवाखान्यात तुमच्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबतात आणि काचेच्या नळीत पारा सरसर चढतो ना? तो मी, रक्तदाब मोजणारं जुनं यंत्र. एवढं लांबलचक नाव घ्यायला वॉर्डात वेळ कुणाला? सगळे नुसतं 'बीपी' म्हणतात.

दौंडच्या एका छोट्या दवाखान्यात मी कोरा करकरीत आलो. तिथं नर्सिंगच्या मुली शिकायला येत. पुस्तकं घडाघडा म्हणणाऱ्या पोरी, पण माझ्याजवळ आल्या की गोंधळायच्या. पट्टा बांधायचा, हवा भरायची, हळूहळू सोडायची आणि कानातल्या नळ्यांतून ठोका ऐकायचा. सांगायला सोपं आहे हो! वॉर्डात लेकरं रडतात, ताटं आपटतात. नव्या कानाला काय डोंबल ऐकू येणार?

सत्त्याण्णव साली रुपाली आली. इनामगावची, धनगराची पोर. आजा जन्मभर मेंढरांमागं हिंडला आणि नात पांढऱ्या टोपीत! तिचा तो फोटो गावात घरोघर फिरला होता. शिक्षण सुरू होऊन चार महिने झाले नाहीत, तोवर बाप पारावर "आमची शिश्टर" म्हणून सांगत सुटला. त्या कौतुकाचंच तिला ओझं झालं.

त्यात वॉर्डच्या साधना सिस्टर भारी कडक. "चार्टवर रकाना रिकामा दिसला तर गाठ माझ्याशी हाय," असं रोज बजावायच्या. मग मुलींनी युक्ती काढली. ठोका नाही ऐकू आला, की लिहायचं एकशेवीस बाय ऐंशी. हा आकडा धडधाकट माणसाचा, त्यामुळे कुणी काही विचारत नसे. मी सगळं बघत होतो. वाचा असती तर ओरडलो असतो.

एका सकाळी सुलक्षणा नावाची पोटुशी बाई भरती झाली. आठवा महिना, पाय सुजलेले. सोबत सासू, भामाबाई. रुपालीने मला दोनदा बांधलं, दोनदा सोडलं. काही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा बांधायची तिला लाज वाटली.

"बरं हाय ना वं, शिश्टर?" भामाबाईंनी विचारलं.

वॉर्डात तिला पहिल्यांदाच कुणी 'शिश्टर' म्हणालं होतं. "व्हय, बरं हाय," ती पटकन म्हणाली आणि लिहून मोकळी झाली. एकशेवीस बाय ऐंशी.

दुपारी सुलक्षणाचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. चार्ट बघून सगळे निवांत राहिले. चारच्या सुमारास तिला आकडीचा झटका आला. साधना सिस्टरांनी धावत येऊन मला बांधलं, तर पारा एकशेऐंशीच्या वर! तिला पुण्याला हलवलं. बाई वाचली, पोटातलं लेकरू गेलं.

"बीपी एकदम वाढलं असणार," डॉक्टर म्हणाले. रुपाली गप्प राहिली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. दोन दिवस ती राहिलीही गप्प. तिसऱ्या दिवशी भामाबाई सामान न्यायला आल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "तुमी लई केलं आमच्यासाठी."

तिला ते सोसवेना. साधना सिस्टरांच्या देखत ती म्हणाली, "मावशी, मला ठोका ऐकूच आला न्हाई. मी खोटं लिव्हलं."

भामाबाईंनी हात सोडला. "मंग तवाच म्हणायचं न्हाई का गं, पोरी?" एवढंच बोलून त्यांनी सामान उचललं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिक्षा म्हणून रुपालीचं एक वर्ष बुडालं. साधना सिस्टरांनीही मान खाली घातली, कारण रकान्याचा धाक त्यांचाच होता. पण पोरगी घरी पळाली नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ती मला घेऊन बसायची आणि आया, वॉचमन, जो सापडेल त्याचा दंड धरायची. माझा पट्टा विरला, पण तिचा कान तयार झाला.

आता दोन हजार सात साल आहे. बटण दाबलं की आकडा दाखवणारी यंत्रं आलीत आणि मी कपाटात धूळ खातोय. दर जूनमध्ये मात्र रुपाली सिस्टर मला नव्या मुलींसाठी बाहेर काढतात. मित्रांनो, आम्हा जुन्यांना पुसत जा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून कळकळीचं मागणं असं, की आलं नाही तर आलं नाही म्हणा. त्यानं कुणी मरत नाही.

परवा शिरूरची एक मुलगी मला बांधून घामाघूम झाली होती. "सिस्टर, मला न्हाई ऐकू येत," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मग रकान्यात तसंच लिही," रुपाली सिस्टर म्हणाल्या. "आन् पुन्हा बांध. येईस्तवर मी हितंच बसते."

मग त्या खरंच तिच्याशेजारी बसल्या. सुलक्षणाचं लेकरू जगलं असतं तर यंदा चौथीत गेलं असतं. हे रुपाली सिस्टरांना सांगावं लागत नाही.