रॉकेट आणि मफिन

"आजी, टेल मी ना! मुलगी कुठली?"

सुवर्णाबाईंनी चष्मा पुसला आणि टर्कीचं पिल्लू दिव्याखाली उलटं धरलं. फुंकर मारून शेपटीखालची लव बाजूला केली. काही म्हणजे काही दिसेना.

"अरे बाप्पा! माणसाचं बाळ असतं तर एव्हाना बारसं झालं असतं," त्या म्हणाल्या. पिल्लाने उत्तरादाखल त्यांच्या स्वेटरवर कार्यक्रम उरकला.

नागपुरात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. 'मुलगी झाली' म्हटल्यावर उतरलेले चेहरे बघून त्यांचं डोकं फिरायचं. एखादा नवरा आधीच कानाशी लागला, 'सिस्टर, काय आहे तेवढं सांगा ना,' तर सगळ्या वॉर्डादेखत त्याची हजेरी घ्यायच्या. आणि इथे अमेरिकेत, नोव्हायजवळ लेकाच्या, ऋषीच्या घरी आल्या, तर सगळी उलटी गंगा. सगळ्यांना मुलगीच हवी होती!

त्याचं असं झालं. शेजारच्या कॅरलने नातीला, इशिताला, दोन पिल्लं सांभाळायला दिली होती, दांडगं रॉकेट आणि गरीब मफिन. अंडी उबवणाऱ्या हॅचरीतून एक नर, एक मादी अशीच जोडी आली होती, पण खुणेचा रंग धुऊन गेला आणि कुठलं कोण तेच कळेना. ऋषीने लेकीला साफ सांगितलं होतं, एकच ठेवायचं आणि तेही मादी. नर मोठा झाला की अंगावर येतो, मादी निदान अंडी तरी देते. दुसरं रविवारी कॅरलच्या भावाच्या फार्मवर जाणार आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजून कुणाच्या तरी टेबलावर. कॅरलने हात वर केले. एवढ्या लहानपणी हॅचरीतली शिकलेली माणसंच ओळखतात म्हणाली, आपण थांबून बघायचं. पण रविवार कुठे थांबतोय?

सुवर्णाबाईंना चेव चढला. गॅरेजमध्ये स्टूल टाकून त्या पिल्लांसमोर ठाण मांडूनच बसल्या. रॉकेट छाती काढून, एवढ्याशा शेपटीचा पंखा करून मिरवायचं. दाणे टाकले की मफिनला ढकलून आधी स्वतः खायचं. मफिन कोपऱ्यात उभं राहून उरलंसुरलं टिपायचं.

"झालं! रॉकेट मुलगा," त्यांनी निकाल दिला. "बघ कसा तोरा आहे!"

इशिताने फोनमधून डोकं वर काढलं. "पण आजी, इथे म्हणतात बेबी असताना गर्ल्सपण टेल अशी फॅन करतात."

"त्या फोनला काय कळतंय? आधी कोण जेवतं ते बघ. घरंच्या घरं बघितलीत मी."

"आर यू शुअर?"

"अगदी शुअर."

आत येऊन त्यांनी तव्यावरची पहिली पोळी ऋषीच्या ताटात वाढली. इशिता भूक भूक करत होती. "थांब गं, बाबाचं होऊ दे आधी," त्या म्हणाल्या.

रविवारी कॅरल रॉकेटला खोक्यात घालून घेऊन गेली. खोक्यातूनही त्याचा आरडाओरडा चालूच होता. इशिता रडली, पण आपली मफिन वाचली म्हणून सावरली.

उन्हाळाभर मफिन फुगत गेली. मान लाल झाली, चोचीवरचं बोंड लोंबायला लागलं. "खात्यापित्या घरची आहे," असं म्हणून सुवर्णाबाई वेळ मारून न्यायच्या. मग नोव्हेंबरात एका सकाळी मफिनने अंगभर पिसं फुलवली, पंख जमिनीला घासले आणि गळ्यातून असा काही गडगडाट काढला की कॅरल हसत कुंपणापाशी आली.

"दॅट्स अ टॉम, हनी! नरच ओरडतो असा."

"मग रॉकेट?" इशिताने विचारलं.

कॅरलचं हसू मावळलं. भावाचे सगळे पक्षी गेल्याच आठवड्यात सणासाठी कापायला गेले होते.

इशिता आजीकडे वळली. मग म्हणाली, "यू वेअर शुअर, आजी."

सुवर्णाबाई पायरीवर बसल्या. "हो गं. जी ढकलून आधी जेवते ती मुलगी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." वॉर्डात कुणासमोर ज्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, त्या नातीसमोर हुंदके देऊन रडल्या. एक जीव गेला होता, आणि तो त्यांच्या शब्दावर गेला होता.

दुपारी पहिली पोळी टम्म फुगली. ऋषीने सवयीने ताट पुढे केलं.

"थांब," सुवर्णाबाई म्हणाल्या. "आधी तिला."

त्यांनी पोळी इशिताच्या ताटात वाढली. इशिताने पोळीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि कुणासाठी न थांबता जेवायला सुरुवात केली.