अंगठ्याचा वेग

निसर्गाचे नियम कोणाचंही तोंड बघून बदलत नाहीत. प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या टेबलावर मात्र ते एक दिवसाआड बदलत होते.

त्या टेबलावर संशोधन करणाऱ्या ताईंचं काम तसं सोपं. तपकिरी ब्रोमीन एका रंगहीन द्रवात मिसळायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. ब्रोमीन त्या द्रवाच्या रेणूंना जाऊन चिकटलं, की रंग उडतो. किती वेळात उडाला, ते वहीत लिहायचं. सोमवारी बेचाळीस मिनिटं लागली. मंगळवारी नऊ. बुधवारी पुन्हा बेचाळीस. चार वर्षांची पीएच.डी. या वहीला लटकलेली, आणि शुक्रवारपर्यंत आकड्यांचा मेळ बसला नाही तर नोंदणी रद्द.

"तुझा हातच वाईट," मार्गदर्शक सरांनी निदान केलं.

घरी आईची वेगळीच शंका. "अगं, पण त्यातून शेवटी बनतं काय?"

ताई पाणी प्यायला उठायच्या.

खिडक्यांना काळा कागद लावून झाला, रसायनांच्या बाटल्या बदलून झाल्या. गुरुवारी पुन्हा नऊ मिनिटं! ताई हताश होऊन मोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. तिथे प्रयोगशाळेतले मदतनीस मामा काचसामान धूत होते. तीस वर्षांची त्यांची पद्धत ठरलेली: शेवटचं पाणी घालायचं, चंबूच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि तीनदा खळखळवायचं. अंगठा तपकिरी होता.

"मामा, हे काय झालं?"

"पिपेट फुटलं आणि कापलं. टिंक्चर आयोडीन लावतोय. एक दिवसाआड."

"रोज का नाही?"

"झोंबतं हो!"

ताईंनी मामांना मिठीच मारायची बाकी ठेवली. स्वतः चंबू धुतले आणि पातळ आयोडीन थेंबाथेंबाने मोजून घातलं. बिनथेंबाचा चंबू: बेचाळीस मिनिटं. एक थेंब: एकवीस. दोन: चौदा. तीन: साडेदहा. म्हणजे वेग दुप्पट, तिप्पट, चौपट! सगळे ठिपके शिस्तीत एका रेषेवर येऊन बसले. त्या रेषेवर मामांचा अंगठा साधारण पावणेचार थेंबांचा भरला.

शुक्रवारी सरांनी आलेखावर पट्टी ठेवली. एकही ठिपका पट्टीबाहेर डोकावला नाही.

"उत्प्रेरक!" सर गरजले. "आयोडीन वेग वाढवतंय! मी पहिल्यापासून सांगत होतो."

"सर, तुम्ही 'हात वाईट' म्हणाला होतात."

"मग हाताचाच दोष निघाला ना? माणूस तेवढा चुकला."

नोंदणी टिकली. शेजारच्या विभागातली मंडळी अंगठा बघायला आली. मामांनी तो सगळ्यांना दाखवला, हात मात्र कोणाला लावू दिला नाही. ताई जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत घरी पोचल्या आणि आईला सगळं एका दमात सांगितलं.

"छान झालं गं," आई म्हणाली. "पण बनलं काय?"

जे बनलं होतं, ते नियमाप्रमाणे टाकाऊ द्रवांच्या पिंपात ओतलं होतं.