अंगठ्याची नाडी

सेकंदकाटा नऊच्या आकड्यापाशी आला की अडखळतो. जरा थरथरतो, मागे सरल्यासारखं करतो, आणि मग एकदम दोन घरं ओलांडून पुढे जातो... आईचं हे टेबलावरचं घड्याळ तो शाळेत असल्यापासून असंच चालत आलंय आणि त्यापायी कुणाचं काही अडलेलं नाही. समोर चहा निवत होता. आज साहेबांच्या खोलीत काय ऐकायला मिळेल याचा विचार करायचा नाही असं त्याने पक्कं ठरवलं होतं, आणि ठरवल्यापासून दुसरा कसलाच विचार केला नव्हता.

“अरे, कुठं आहे लक्ष? नाडी बघ म्हणतेय मी.”

आईने बाही वर सारून हात टेबलावर ठेवला होता. हृदयाची ती पांढरी गोळी घेण्याआधी नाडी मोजायची, ठोके फार मंद असले तर त्या वेळची गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तो बाहेरगावी होता तोवर शेजारीण मोजायची. तो परत आला, आणि तरी शेजारीणच मोजत होती.

“घरात आयता नर्स बसलाय, आणि मी दुसऱ्याच्या दारात हात पसरून उभी. लोक काय म्हणतील?”

“संध्याकाळी बघतो, आई. आत्ता उशीर होतोय.”

“तुझी संध्याकाळ कधी उजाडते तेच बघते आता,” आई म्हणाली आणि बाही खाली ओढून शेजारी गेली.

तो रस्त्याला लागला. दुकानांची शटरं वर जात होती, एक म्हातारा पायरीवर पाणी मारत होता, आणि त्या ओल्या पायरीवरून जपून पाऊल टाकताना त्याच्या मनात आलं — मी नर्स आहे का अजून? आज दुपारपर्यंत कळेल. इंजिनिअर आज बोलणार होता. ज्या माणसाला त्या लोकांनी कोंडून ठेवलं होतं, जो गेले काही आठवडे इस्पितळात पडून होता, तो आज चाकाच्या खुर्चीत बसून येणार आणि काय काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगणार. त्याने एवढंच म्हणायचं, की नाडी बघणाराही त्यांच्यातलाच एक होता. मग वॉर्ड विसरायचा. साहेबांनी काही लपवलं नव्हतं. “मी तुझ्या बाजूने आहे रे,” ते म्हणाले होते, “पण त्याच्या शब्दापुढं माझं काही चालणार नाही.”

साहेबांचा शब्द! पहिल्यांदा वॉर्डात येऊन भेटले तेव्हा पोलिसांच्या गुप्त शाखेच्या त्याच साहेबांनी किती सोपं करून सांगितलं होतं. भाडोत्री सैनिकांची एक टोळी आहे, जो बोलावेल त्याच्या बाजूने लढणारी. बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यात राहतात. जखमा बांधायला आणि तोंड बंद ठेवायला त्यांना माणूस हवाय. “तुला खोटं काही करायचंच नाही. पट्ट्या बांधायच्या, कान उघडे ठेवायचे.” आणि खरोखर सुरुवातीला तसंच होतं. तिथे तो ‘कंपाउंडर’ झाला. माणसांवर गोळ्या चालवणारे ते धिप्पाड गडी सुई पाहिली की भिंतीकडे तोंड फिरवायचे. एक जण तर केस गळतात म्हणून रोज त्याच्या मागे लागायचा. तो त्यांची गळवं कापायचा, कुणाकुणाची जा-ये आहे ते लक्षात ठेवायचा, आणि उघड सांगायचं तर, त्याला त्यांच्यातले दोघे-तिघे आवडायलाही लागले होते. मग इंजिनिअरला आणलं.

धरणावरचा इंजिनिअर. दरवाजे कसे उघडतात, कुठून बंद पाडता येतात, ते त्याच्या डोक्यात होतं आणि कुणाला तरी ते हवं होतं. टोळीच्या म्होरक्याला सगळे ‘मोठा’ म्हणायचे, आणि मोठ्याचा एक नियम होता. पूर्वी एकदा चौकशीतच माणूस दगावला होता, बोलण्याआधी, तेव्हापासूनचा नियम. चौकशीला बसवलेल्या माणसाला हात लावायच्या आधी कंपाउंडरने नाडी बघायची आणि एक शब्द बोलायचा. ‘चालेल’, नाहीतर ‘थांबा’. त्यापलीकडे कंपाउंडरला कुणी काही विचारत नसे.

पहिल्यांदा त्याने तीन बोटं लावली. इंजिनिअरच्या डोळ्यांवर पट्टी होती, हात खुर्चीला बांधलेले. नाडी भरलेली, घाबरलेली, पण ठणठणीत. चालेल. खोटं कुठे होतं ते? दुसऱ्यांदाही बोटं; नाडी जलद, तरी टिकून होती. चालेल... आणि बाहेर येऊन तो कारखान्याच्या भिंतीमागे ओकला. मेट्रनबाईंनी शिकवलेलं एकच तत्त्व त्याने आयुष्यात मनापासून पाळलं होतं — हाताखालच्या माणसाबद्दल कधी खोटं बोलायचं नाही, त्याच्याशी नाही, डॉक्टरांशी नाही, स्वतःशी तर नाहीच. दोन्ही वेळा तो खरंच बोलला होता, आणि त्या खरेपणाची त्याला शिसारी आली.

तिसऱ्या वेळी दारातूनच दिसलं. ओठ पांढरे, मानेवर चिकट घाम. बोटं लावली तर काय लागणार हे बोटं न लावताच कळत होतं. आणि मोठा त्याच्याकडे बघत होता. “आधीचा कंपाउंडर सारखा थांबा म्हणायचा,” सकाळीच तो सहज बोलून गेला होता, “हळवा होता. आता नाहीये तो.” दुसऱ्या दिवशी पहाटे साहेबांची माणसं कारखान्याला वेढा घालणार होती. एक दिवस काढायचा होता. आज संशय आला की तो संपला, इंजिनिअर संपला, धरणाखालची गावंही... असा सगळा हिशेब खाटेवर पडल्यापडल्या किती नीट जमतो! तिथे मात्र तो पुढे झाला, आणि त्याच्या हाताने आपणहून एक गोष्ट केली.

त्याने अंगठा लावला.

शिकाऊ मुलांच्या पहिल्याच तासाला मेट्रनबाई अंगठ्यावर लाकडी पट्टी मारायच्या. “अंगठा लावायचा नाही! अंगठ्याला स्वतःची नाडी असते. पेशंट गेलेला असेल आणि तुम्ही गाढवं आपलेच ठोके मोजत बसाल.” त्याने अंगठा दाबला आणि खाली काय धडधडत होतं म्हणता! जोरकस, भरलेलं, घोड्यासारखं. ते त्याचं स्वतःचं होतं. त्याला ते माहीत होतं. म्हणूनच तर लावला होता. बोटांना कळलं असतं, आणि कळल्यावर खोटं बोलावं लागलं असतं. अंगठ्याला काही कळत नाही.

“चालेल,” तो म्हणाला.

तो साहेबांच्या कचेरीचा जिना चढला. खोलीत खिडकीपाशी चाकाची खुर्ची होती आणि तीत इंजिनिअर. वेढ्याच्या पहाटे त्याला बेशुद्ध बाहेर नेलं, त्यानंतर पट्टी नसलेला त्याचा चेहरा त्याने पाहिला नव्हता. साधासुधा चेहरा, चष्मा जरा तिरका. जिवंत. जिवंत आहे हे ऐकून माहीत होतं, पण समोर बसून पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून पिणारा माणूस पाहणं वेगळं. तो दाराशेजारच्या बाकावर बसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“नाडी बघायला कोण यायचं?” साहेबांनी विचारलं.

“दोघं होते,” इंजिनिअर म्हणाला.

साहेबांच्या हातातली काडेपेटी थांबली.

“डोळे बांधलेले होते ना तुमचे?”

“डोळे बांधले तरी हात माझाच होता ना, साहेब. माझी बायको नर्स आहे. तिने माझी नाडी इतक्यांदा बघितलीय... पहिला होता तो शिकलेला. तीन बोटं, हलकी, जागच्या जागी. त्या सगळ्या दिवसांत माणसाचा हात म्हणून तेवढाच एक लागला मला. शेवटच्या वेळी आला तो दुसराच कुणी. कानांत नुसतं घुमत होतं, आवाज नाही कळला, पण हात कळला. अडाणी. अंगठा दाबून धरला त्याने. बायकोला सांगितलं तर ती अजून हसते... रडते पण. तो पहिला असता तर थांबा म्हणाला असता. मला खात्री आहे.”

खाली रस्त्यावर एक गाडी मागे घेताना वाजत राहिली.

“त्या दुसऱ्यावर माझा राग नाही,” इंजिनिअर पुढे म्हणाला. “त्या बिचाऱ्याला काय कळत होतं. पण पहिला कुठाय? त्याला बघायचंय मला.”

साहेबांनी आता दाराकडे पाहिलं, सावकाश. त्या कारखान्यात कंपाउंडर एकच होता हे खोलीत दोन माणसांना माहीत होतं. बोल, त्याने स्वतःला सांगितलं. उठ आणि सांग, दुसरा कुणी नव्हता. मी शिकलेला होतो म्हणूनच अंगठा लावला. बोल ना... तो उठला.

“हे ते,” साहेब म्हणाले.

इंजिनिअरने मनगट पुढे केलं आणि डोळे मिटून घेतले. त्याने तीन बोटं ठेवली. हलकी, जागच्या जागी. नाडी मऊ होती, नियमित, बऱ्या होत आलेल्या माणसाची.

“हो. हेच,” इंजिनिअर म्हणाला, आणि मिटल्या डोळ्यांनीच त्याने दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला.

जिन्यात साहेब त्याच्या मागोमाग आले. “ऐकलंस ना? दुसरा होता एक. शोधू आम्ही त्याला.”

“सापडेल?”

“छे. असली माणसं कुठं सापडतात?” साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “जा, सुटलास. उद्यापासून वॉर्डात हजर हो.”

सुटलास! रस्त्यावर आल्यावर त्याला एवढं हलकं वाटलं की हसूच आलं, आणि एका बाईने त्याच्याकडे चमकून पाहिलं. तो वाट बघत दिवस मावळेपर्यंत चालत राहिला. आता येईल, या कोपऱ्यावर, त्या पुलावर. लाज येईल, कुणीतरी आतून कान धरेल. आज एका माणसाला त्याच्या तोंडावर फसवून मी माझी नोकरी परत मिळवली. असं मुद्दाम शब्दांत मांडूनही पाहिलं. काही आलं नाही. नुसतं बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. इंजिनिअर जगला म्हणून बरं वाटत होतं, वॉर्ड मिळाला म्हणून बरं वाटत होतं, आणि — हे मात्र पुलाच्या मध्यावर आल्यावर कळलं — तो दुसरा, तो अडाणी, कुणाला सापडणार नाही म्हणूनही बरं वाटत होतं. पळ लेका, तो मनात म्हणाला. त्या गड्याला आता कुठेही राहायला जागा नव्हती, या एका माणसाच्या आत सोडली तर.

घरी दिव्याखाली आई टेबलाशी बसलेली होती. समोर पाण्याचा पेला, बशीत पांढरी गोळी, बाही आधीच वर सारलेली.

“उजाडली का संध्याकाळ?”

“उजाडली. आण इकडे हात.”

त्याने तीन बोटं ठेवली. घड्याळ ओढून जवळ घेतलं. आईची कातडी इतकी पातळ झालीय हे त्याला माहीतच नव्हतं. ठोका लागला, मग पुढचा, जरा उशिराने, मग... तो मोजत होता, सेकंदकाटा चढत होता, आणि नऊपाशी येऊन थरथरला, तसा आकडा त्याच्या हातून निसटला. मंद होती का? की बोटांनाच आता भरवसा उरला नव्हता?

“अंगठा असा काय वर धरलायस? दुखतोय का?”

त्याने पाहिलं. अंगठा खरंच मनगटापासून लांब, ताठ उभा होता.

“ठीक आहे ना? घेऊ ना गोळी?” आईचा दुसरा हात बशीकडे गेला.

“थांब,” तो म्हणाला.

शब्द किती सहज आला. तोंडातून बाहेर पडला, आणि काही झालं नाही. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, दार वाजलं नाही. आईने निमूट हात मागे घेतला आणि घड्याळाकडे बघत बसली.

“थांब, आई,” तो पुन्हा म्हणाला, गरज नसताना, आणि बोटं तिथेच ठेवून पहिल्यापासून मोजायला लागला.