केरूच्या गोठ्यातली डोणी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे. गुरांना पाणी पाजायची. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या, कडेला केरूचा गोठा आहे, त्याच्या दाराशी मी असते. आमच्याकडे सगळं बांधकाम लाल जांभ्या दगडाचं, पण जांभ्याची डोणी करून भागत नाही, ती पाणी स्वतःच पिऊन टाकते. म्हणून केरूच्या बापानं काळा दगड आणवला आणि घाटावरून आलेल्या पाथरवटाकडून मला घडवून घेतलं. पाथरवट कामाचा चोख होता, पण तोंडाचा फटकळ. छिन्नी घसरली की शिव्या मला घालायचा. मीही तशीच झाले असेन.

माझी उमेदीची वर्षं मजेत गेली. गोठा भरलेला असायचा. संध्याकाळी गुरं सड्यावरून उतरली की माझ्यापाशी नुसती रेटारेटी. वाटेनं जाणारा पाहुणा थांबून म्हणायचा, "केरू, डोणी मात्र झ्याक आहे हो!" आणि मी उगीच फुगायची. मग एकेक करून सड्यावर आंब्याच्या बागा झाल्या, कुंपणं पडली, चरायला फारशी जागा उरली नाही. केरूचा मुलगा विनोद लोटे गावी कंपनीत लागला. गोठ्यात उरली चांदी नावाची गाय आणि तिची पाडी. त्यांना बघणारी माणसंही दोनच, म्हातारा केरू आणि त्याची सून मथुरा.

चांदीवर केरूचा भारी जीव. घरातल्या माणसांशी बोलणार नाही इतकं तिच्याशी बोलायचा. पण दरवर्षी एक गोष्ट त्याला छळायची. पावसाळ्यात सड्यावरचं गवत खाऊन चांदी गुटगुटीत व्हायची आणि शिमग्यापर्यंत तिच्या फासळ्या वर यायच्या. पोट तर टम्म. गव्हाणीत पेंढा पडलेला. तरी गाय वाळत चाललेली.

"पोटभर खाते आणि झुरते. नजर लागली काय गो हिला?" तो मथुराला विचारायचा.

यंदा त्याचं उत्तर नम्रतानं दिलं. नम्रता आमच्या वाडीची पशुसखी, गुरांची औषधं आणि सल्ला घेऊन घरोघरी फिरते. माझ्या काठावर बसून तिनं सांगितलं, "काका, गाय एकटी गवत पचवत नाही. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते चोथा फोडतात. त्यांना नत्र लागतं. हिरव्या गवतात ते असतं, गवत वाळलं की जवळजवळ संपतं. मग ते जीवच उपाशी राहतात आणि पेंढा पोटात तसाच पडून राहतो."

मी इतकी वर्षं गुरांच्या तोंडापुढे आहे, पण पोटातली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

तिनं एक तपकिरी वीट आणली होती. उसाची मळी, कोंडा, मीठ आणि नत्रासाठी थोडासा युरिया घालून केलेली चाटण-वीट. ती तिनं दावणीशी टांगली आणि बजावलं, "चाटूनच खायला हवी. फोडायची नाही, पाण्यात घालायची नाही. जिभेनं थोडं थोडं गेलं तर ते अन्न, एकदम गेलं तर विष."

पाडी लगेच चाटायला लागली. थोड्याच दिवसांत तिचं शेण मऊ पडायला लागलं, पेंढा ती जास्त खायला लागली, अंगावर तकाकी आली. चांदीच्या मात्र जिभेला करवंदीचा काटा लागून जखम झाली होती. ती विटेला जीभ लावायची आणि मागे घ्यायची.

"जीभ बरी होईपर्यंत थांबा, काका," नम्रता म्हणाली.

पण केरूला थांबवेना. तुम्हाला आमची चाल माहीत आहे ना? आमच्याकडे कुणी आजारी पडो, कुणी बाळंत होवो, त्याला पेज देतात. अशक्त जीव पेजेनं उठतो, हे केरूच्या हाडात मुरलेलं. त्यात पाडीचं तेज तो रोज बघत होता. एका दुपारी मथुरा पाणी भरायला गेली असताना त्यानं वीट उतरवली, फोडली, अर्धी कोमट पेजेत कालवली आणि ती सगळी पेज माझ्यात ओतली.

"घे गो बाय. चाटवत नाय ना तुला? पी."

मित्रांनो, जे ओततील ते धरायचं, एवढंच डोणीच्या हातात असतं. चांदीनं तळापर्यंत पेज संपवली. केरू तिची मान खाजवत हसत होता. खूप दिवसांनी हसत होता. थोड्या वेळानं तिची कातडी थरथरायला लागली. तोंडातून फेस आला, पोट फुगलं, पाय लटपटले आणि ती माझ्या अंगावरच कोसळली. मथुरा धावत आली, तिनं नम्रताला फोन केला. नम्रता उतारा म्हणून पाजायला थंड पाणी आणि सिरका घेऊन धापा टाकत पोचली, पण तोवर सगळं संपलं होतं.

वाडीत बोभाटा झाला की विटेनं गाय मारली. केरूनं कुणाला काही सांगितलं नाही. उरलेली वीट त्यानं दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडे भिरकावली आणि मला पालथी घातली. पाडीला मथुरा बादलीनं पाणी पाजायला लागली. पाडीच्या पुढे पुन्हा नुसता पेंढा. तिच्याही फासळ्या वर आल्या, शेण घट्ट गोळ्यांसारखं झालं, आणि वैशाखात एके सकाळी तिला उठवेना.

मथुरानं सवयीनं पेजेचं पातेलं आणलं. ते बघताच केरूनं पातेलं बाजूला सारलं. "नको," एवढंच म्हणाला आणि पाडीपाशी खाली बसला. पाडीनं मान लांबवली आणि त्याच्या घामट तळव्यावरचं मीठ चाटायला लागली. हळूहळू, पुन्हा पुन्हा. केरूनं हात काढून घेतला नाही. बराच वेळ तो तिच्या जिभेकडे बघत राहिला.

मग तो मथुराला म्हणाला, "विटेनं नाय मारली गो चांदीला. मी पेजेत कालवून पाजली."

"मला माहीत आहे, आबा. पेजेचं पातेलं मीच घासलं, विटेचा चुरा होता त्यात."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही जेवत नव्हता."

म्हातारा रडला. पाडीच्या मानेवर कपाळ टेकून रडला. "नम्रताला बोलाव," तो शेवटी म्हणाला. "आणि वाडीलाही बोलाव. मला सांगायचंय."

पाडी उठेल की नाही, मला ठाऊक नाही. नम्रता वाटेवर आहे. मित्रांनो, तुमच्याही दावणीला कुणी मुका जीव असेल. त्याच्यावर माया जरूर करा, पण त्याला पचेल एवढीच, आणि त्याच्या जिभेच्या चालीनं करा. चांदीवर कुणाचा राग नव्हता हो. तिच्यावर केरूएवढी माया दुसऱ्या कुणाचीच नव्हती.