बुरुजाच्या प्रकरणात शिवलेली बाही

इनचार्जबाईंनी गाऊन टेबलावर टाकला तेव्हा शिवणखोलीतल्या तिघींच्या नजरा एकदमच त्याच्या बाहीवर गेल्या. बाहीच्या कोपरावर ठिगळ होतं, टाके एकसारखे, देखणे. फक्त ते खालच्या कापडातूनही गेले होते. बाहीत घातलेला हात कोपरापाशीच अडावा, असं पक्कं काम.

"डॉक्टरांचा अडला," इनचार्जबाई म्हणाल्या. "पेशंट टेबलावर आणि डॉक्टर बाहीत. दुसरा गाऊन येईपर्यंत सगळे खोळंबले. कोणाचं काम हे?"

कोणाचं ते तिघींनाही ठाऊक होतं. का झालं तेही.

दवाखान्याचे फाटके गाऊन, चादरी, अभ्रे या खोलीत दुरुस्तीला येत. तिघींत वडील असलेल्या आक्का मोठ्यानं वाचायच्या आणि बाकीच्या दोघी, एकमेकींच्या नणंद-भावजय, शिवायच्या, अशी इथली रीत पडून गेली होती. सध्याची कादंबरी जुन्या काळातली होती. राजाच्या घड्याळजीची मुलगी आणि तिचा प्रियकर. तो समुद्रात बुडाला असं सगळं गाव म्हणतं, पण बंद बुरुजातल्या मोठ्या घड्याळाला कोणीतरी चावी देतच राहतं. परवा ती मुलगी कंदील घेऊन बुरुजाचा जिना चढली. वर पावलं वाजली. आक्कांनी आवाज खाली आणला, भावजयीनं श्वास रोखला, तिचा हात मात्र चालूच राहिला. डॉक्टरांची बाही बंद झाली ती तिथे.

आक्कांची भीती मात्र बाहीमुळे नव्हती. त्यांचे हात थरथरत. आधी सुई ओवणं सुटलं, मग टाके घालणंही. त्यांच्या वाटणीचं शिवण त्या दोघी वाटून घेत आणि बदल्यात आक्का वाचत. वाचन बाहेर ऐकू जाई, पण या अदलाबदलीचा खोलीबाहेर कोणाला पत्ता नव्हता. वाचन थांबलं की प्रत्येकीपुढे आपापलं काम येणार, आणि निवृत्तीला अवकाश असतानाच आक्का घरी बसणार. घरी सून चांगली होती. पण तिच्या चांगुलपणावर जगायचं या विचारानंच आक्कांना धास्ती वाटे.

"आजपासून पुस्तक बंद," इनचार्जबाई म्हणाल्या. "आणि आता मला प्रत्येकीचा हात बघायचाय."

त्यांनी स्टूल ओढलं आणि तिघींपुढे एकेक गाऊन सरकवला. नणंदेनं ओवलेली सुई हळूच आक्कांकडे ढकलली.

"आपापली सुई आपण ओवा," इनचार्जबाई म्हणाल्या.

नणंद खाकरली. "बाई, ती बाही माझ्या भावजयीची. गोष्टीत बुरुजात पावलं वाजली, तेव्हा शिवलेली. घरीही हिचं हेच. भाजी करपते, ही पुस्तकात."

"वन्सं, भाजी तुम्ही ठेवली होती गॅसवर."

"ठेवली मी. बघायची कोणी होती?"

इतर वेळी यावर हसू फुटलं असतं. इनचार्जबाईंची नजर आक्कांच्या बोटांवरून हलली नाही.

आक्कांनी कोपर टेबलाला दाबून धरलं. दोऱ्याचं टोक सुईच्या नाकाशी आलं, घसरलं, पुन्हा आलं. चष्मा बदलायला झालाय म्हणावं, असं मनात आलं. पण परवाच बारीक टाइप त्यांनी घडाघडा वाचला होता. दोरा पुन्हा घसरला. खोलीत कोणीच शिवत नव्हतं.

आक्कांनी सुई खाली ठेवली.

"माझ्यानं होत नाही. बरेच दिवस झालेलं नाही. माझं काम या दोघी करतात."

"कधीपासून?"

आक्का गोंधळल्या. "म्हणजे... मधे तीन-चार कादंबऱ्या झाल्या."

"पण काम कधी मागे पडलं का, बाई?" भावजय पटकन म्हणाली.

"नाही पडलं. म्हणून तर मला कळलं नाही." इनचार्जबाईंनी ती बंद बाही उलटसुलट करून पाहिली. मग एकदम म्हणाल्या, "बुरुजात कोण होतं?"

"तिथवर पोचलो नाही अजून," आक्का म्हणाल्या. "तो जिवंत असावा असं मला वाटतं."

"वाटतं? पुस्तक तुमच्याकडेच असतं ना? शेवट बघितला नाहीत?"

"नाही. या दोघींच्या आधी मी बघणं बरं दिसत नाही."

इनचार्जबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, जणू आक्का आत्ताच खोलीत आल्या होत्या.

"मग असं करा. शिवून झालेल्या प्रत्येक बाहीत तुम्ही हात घालायचा. आरपार गेला तरच गाऊन बाहेर जाईल. हात थरथरला तरी चालेल, पण नजरचूक चालणार नाही. तपासणीचं काम म्हणून वर कळवते. ते मान्य करतील की नाही, हे मी सांगू शकत नाही."

"आणि पुस्तक?" नणंदेनं विचारलं.

"असली बुरुजाची प्रकरणं असतील तेव्हा चादरी घ्या पुढ्यात. बाह्या प्रेमाच्या प्रकरणाला."

त्या गेल्या. मग भावजयीनं बाहीचे टाके उसवले, ठिगळ पुन्हा लावलं आणि गाऊन आक्कांपुढे धरला. आक्कांनी हात घातला. तो कोपरापाशी क्षणभर थबकला, पुढे सरकला आणि दुसऱ्या टोकानं बाहेर आला, थरथरतच. एरवी तो थरथरला की दोघी खिडकीकडे बघत. आज दोघींनी त्या हाताकडेच पाहिलं.

"वाचा आता, आक्का," नणंद म्हणाली आणि तिनं चादर पुढ्यात ओढली.