बरगडीची खूण

ज्याची एकदा घोर फसवणूक झाली, तो मनुष्य पुढे ताकसुद्धा फुंकून पितो, ही जनरीतच आहे. नेकनूरकडचे मेंढपाळ आसाराम यांची अवस्था नेमकी तशी झाली होती. बीड शहरातील एका रुग्णालयात, पत्नीच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ते हातातील लहानशी बाटली उजेडाकडे धरून निरखीत होते. बाटलीत पिवळट रंगाचे सात-आठ तुकडे होते. हा मुतखडा आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी रतनबाई यांच्या डाव्या मूत्रपिंडातून दुर्बिणीच्या साहाय्याने फोडून काढला, असे डॉक्टर योगिता यांचे म्हणणे होते.

आसारामांचा त्यावर तिळमात्र विश्वास नव्हता.

त्यास कारणही तसेच होते. आठ महिन्यांपूर्वी रतनबाईंच्या कमरेत कळा येऊ लागल्या, तेव्हा आसारामांनीच त्यांना एका बाईकडे नेले होते. ती बाई मुतखडा तोंडाने ओढून काढी. तिने रतनबाईंच्या कुशीला तोंड लावले, गाल आत ओढले आणि क्षणार्धात तळहातावर एक काळा खडा थुंकला. ना रक्त, ना जखम. आसाराम हर्षभरित होऊन तो खडा खिशात घालून घरी आले. पुढे एके दिवशी मेंढरांना पाणी पाजण्यास ओढ्यावर गेले असता त्याच रंगाचे, त्याच घाटाचे असंख्य खडे पायाखाली पाहून त्यांना घेरी यायची तेवढी बाकी राहिली. तोवर खरा खडा आत हरणाच्या शिंगाप्रमाणे फाटे फोडून वाढतच होता.

आणि आता पुन्हा तोच देखावा. पाठीवर बोटाच्या पेराएवढे छिद्र, त्यातून बाहेर आलेली एक नळी, आणि हातात खड्यांची बाटली.

“मेंढराचा गुर्दा बघायचा तर हातभर चिरावं लागतंय,” ते पत्नीजवळ वाकून हळूच म्हणाले. “हिनं एवढ्याशा भोकातनं शिंगाएवढा खडा काढला म्हणती. कावून मानायचं मी?”

“दुखणं माझं हाय का तुमचं? मला हलकं वाटतंय.”

“त्या बाईकडनं आल्यावर बी तू हेच म्हणली होतीस.”

आणि ते खरेच होते.

“खडा आत ऱ्हायला तर गुर्दा सडंल,” आसाराम पुढे म्हणाले. “चल, दुसरीकडं जाऊ. पोट फाडून, हात घालून बघणारा डॉक्टर हुडकू.”

असे म्हणून त्यांनी परिचारिका मंगल यांना नळी काढण्याची आज्ञाच केली. मंगल सिस्टरांनी नळीला हात न लावता सरळ डॉक्टरांना बोलावून आणले.

“काका, काय शंका आहे ती मोकळेपणाने विचारा,” डॉक्टर योगिता म्हणाल्या.

“हे खडे कुणाचे हायती?”

“मावशींचेच.”

“ती बी असंच म्हणली होती.”

ती म्हणजे कोण, हे डॉक्टरांना उमगेना. तेव्हा रतनबाईंनी भिंतीकडे तोंड करून सारी हकिकत सांगितली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी दोन एक्स-रे मागवले आणि खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. पहिल्यात पांढरे, फाटे फुटलेले शिंग स्पष्ट दिसत होते. दुसरा खडा काढल्यानंतर, त्या दिवशी सकाळीच काढलेला होता. त्यात शिंगाची जागा रिकामी होती.

“दुसरा फोटो भलत्याच कुणाचा असला तर?”

“खाली मावशींचं नाव आहे.”

“नाव काय, कुणीबी लिवतंय.”

आसाराम अक्षरांकडे पाहत नव्हतेच. हजार मेंढरांत आपले मेंढरू ओळखायचे ते खुणेवरून, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. कान, शेपूट, खूर पाहावेत तसे ते त्या करड्या सावल्या एकेक करून पाहत गेले. डाव्या अंगाच्या खालच्या बरगडीपाशी त्यांची नजर खिळली. तिथे बाभळीच्या फांदीवर असावी तशी एक गाठ होती आणि गाठीपुढे बरगडी वाकडी झाली होती. पहिल्या फोटोत गाठ होती. दुसऱ्यातही होती, तीच, त्याच जागी.

पाच वर्षांपूर्वी एडक्याने रतनबाईंना धडक दिली होती. त्यात मोडलेली ती बरगडी आसारामांनीच हळदीचा लेप लावून फडक्याने आवळली होती, आणि ती वाकडी सांधली होती.

त्यांनी चादरीवरूनच पत्नीच्या बरगड्या बोटाने मोजल्या. बोट गाठीवर थांबले.

“एडक्यानं मारलेली हाय ही,” ते म्हणाले. “डॉक्टरबाई, फोटो माझ्याच घरचा हाय.”

“मेंढरावानी वळखली मला,” रतनबाई म्हणाल्या. “आता कानबी कातरून ठिवा, म्हंजी फोटोचं काम न्हाई.”

मंगल सिस्टर तोंड फिरवून हसू लागल्या. कालपासून उभे असलेले आसाराम प्रथमच स्टुलावर बसले. बाटली त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली आणि उशीजवळ ठेवली. मग त्या नळीकडे बोट करून म्हणाले,

“ही कधी काढायची?”

“परवा.”

“मी हितंच उभा ऱ्हाणार बघा.”

“राहा,” डॉक्टर म्हणाल्या.